जुना स्कॅनर, नवं टीएलएस आणि मधला स्टनेल

आमच्या पतसंस्थेच्या शाखेतला स्कॅनर दहा वर्षांहून जुना आहे. कागद ठेवला, बटण दाबलं की पीडीएफ मुख्य कार्यालयाला मेल होते. आधार, पॅन, सातबारा, जामीनदारांच्या सह्या, सगळं याच वाटेने जातं. एका सोमवारी मेल जायचं थांबलं. टीएलएस म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणारी, वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशी करणारी पद्धत. मेल सेवेने तिच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद केल्या होत्या. मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ या इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाने या दोन्ही आवृत्त्या मोडीत काढल्या होत्या, तेव्हा सेवेचं काही चुकलं नव्हतं. पण स्कॅनरला त्यापुढचं काही येत नव्हतं.

कोपऱ्यातल्या डेबियन (लिनक्स) मशीनवर मी स्टनेल बसवलं. १९९८ पासून चालत आलेला हा डिमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम. एका पोर्टवर (मशीनच्या क्रमांकित दारावर) साधी जोडणी घ्यायची, ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीच्या आधाराने तिच्यावर टीएलएस चढवायचं आणि पुढे सोडायची, एवढंच त्याचं काम. स्कॅनरमध्ये टीएलएस बंद करून मेल सर्व्हर म्हणून या मशीनचा पत्ता आणि २५२५ पोर्ट दिला. स्टनेलच्या फाइलीत ‘अ‍ॅक्सेप्ट’ला २५२५, ‘कनेक्ट’ला मेल सर्व्हरचं नाव आणि ४६५.

सुरूच होईना. टीएलएस सर्व्हरला प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारी डिजिटल फाइल, लागतं, असं तो म्हणत होता. मला वाटलं प्रमाणपत्र बनवावं लागणार, आणि त्यात तासभर गेला. खरं कारण असं की काही सांगितलं नाही तर स्टनेल स्वतःला सर्व्हर समजतो. ‘क्लायंट = यस’ ही एक ओळ लिहिली आणि पहिली पीडीएफ गेली. शाखेतल्या मॅडमनी लगेच तुंबलेले अर्ज स्कॅनरवर चढवले.

लॉगमध्ये मात्र एक इशारा होता: मधल्या माणसाचा हल्ला (कोणी मध्ये बसून आपणच मेल सर्व्हर असल्याचं भासवणं) टाळायचा तर या सेवेला पडताळणी हवी. मेल जात होते, म्हणून मी तो सोडून दिला. रात्री ते मनातून जाईना. लोकांच्या सह्या होत्या त्यात.

दुसऱ्या दिवशी तो मधला माणूस मीच होऊन बघायचं ठरवलं. कुठल्या नावाचा कुठला पत्ता ते सांगणाऱ्या होस्ट्स फाइलीत मेल सर्व्हरच्या नावापुढे माझ्या लॅपटॉपचा पत्ता टाकला आणि स्टनेल पुन्हा सुरू केला. लॅपटॉपवर घरगुती प्रमाणपत्र घेऊन ओपनएसएसएलचा चाचणी सर्व्हर ४६५ वर लावला आणि मेल सर्व्हरची उत्तरं हाताने टाइप करत गेलो. २२० (तयार आहे) लिहिलं, स्कॅनरने नमस्कार केला. ३३४ (पुढचं सांग) लिहिलं, त्याने वापरकर्त्याचं नाव दिलं. पुन्हा ३३४, आणि पासवर्ड समोर आला, बेस६४ मध्ये, जे कोणालाही क्षणात उलगडता येतं. जोडणी पूर्ण एन्क्रिप्टेड होती. फक्त पलीकडे कोण बसलंय, हे स्टनेलने विचारलंच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, म्हणून.

मग तीन ओळी वाढवल्या: ‘व्हेरिफायचेन = यस’, ‘सीएफाइल’ला डेबियनच्या विश्वासू प्रमाणपत्रांची फाइल, आणि ‘चेकहोस्ट’ला मेल सर्व्हरचं नाव. तिसरी ओळ गाळू नका. ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेने दुसऱ्या कुठल्याही नावाला दिलेलं प्रमाणपत्रही चालून जातं. लॅपटॉपकडची जोडणी आता प्रमाणपत्राची पडताळणी फसली म्हणून तुटली. ते बघून फार बरं वाटलं. होस्ट्समधली ओळ काढली, मेल पुन्हा सुरू. पासवर्डही त्याच दिवशी बदलला.

स्कॅनर ते मशीन हा तुकडा अजून साधाच आहे. म्हणून ‘अ‍ॅक्सेप्ट’मध्ये मशीनचा आतल्या नेटवर्कवरचा पत्ता लिहिला आणि फायरवॉलमध्ये २५२५ फक्त स्कॅनरला उघडा ठेवला.

त्यातून एक नवा घोळ झाला. वीज जाऊन आली की स्टनेल उठेना, कारण तो सुरू होताना मशीनला तो पत्ता अजून मिळालेलाच नसायचा. मशीनवरचे प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये ‘नेटवर्क-ऑनलाइन’नंतरच सुरू हो, असं लिहून दिलं. परवा दुपारी दोनदा लाइट गेली. मॅडमचा फोन आला नाही.