सँडीगेट: उतारावरचं मैदान आणि दोन नंबरचा क्लब

जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉलचं मैदान सपाट नाही. बाकी काही आठवो न आठवो, इंग्लंडातल्या शेफील्डच्या सँडीगेटला जाऊन आलेला माणूस हे विसरत नाही. वरच्या कोपऱ्यातला झेंडा आणि तिरक्या टोकाचा खालचा झेंडा यांच्या उंचीतला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. पाहुण्या संघाचा गोलकीपर वॉर्मअप करताना दोनतीनदा थांबून जमिनीकडे बघत होता, त्यावरून तो इथे नवा असावा हे मी ताडलं.

शेफील्डला माझी भाची शिकायला आहे. तिनं माझ्यासाठी पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर, चॅट्सवर्थचा वाडा वगैरे बेत आखून ठेवले होते. मी म्हटलं, मला सँडीगेटवर खेळणाऱ्या हॅलम एफसीची मॅच बघायची आहे. "मामा, लोक इथे येऊन शेफील्ड युनायटेडची बघतात, नाहीतर शेफील्ड वेन्सडेची. हॅलम कुणाला माहीत तरी आहे का?" तिच्या वर्गातल्या इंग्रज मुलांनाही माहीत नव्हतं. पण मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशी मॅच असली की अर्धं गाव दुकानं लवकर बंद करतं, ते बघत वाढलेलो. दोन शेजाऱ्यांच्या ईर्ष्येतून फुटबॉल जिथे पहिल्यांदा जन्मला ती जागा तीन-चार मैलांवर असताना राजवाडे बघत हिंडण्यात मला राम वाटेना.

51 नंबरची बस शहरातून निघते ती चढायलाच लागते. ब्रूमहिल गेलं, क्रॉसपूल आलं, काळपट दगडांची घरं विरळ झाली आणि वारा वाढला. मैदानाचं गेट इतकं साधं की आम्ही त्याच्यासमोरून एकदा पुढे निघून गेलो. तिकीट एका बऱ्या पिझ्झापेक्षा स्वस्त. गेटवरच्या आजोबांनी भाचीकडे विद्यार्थ्याचं कार्ड मागितलं आणि माझ्याकडे बघून "हे तर नक्कीच विद्यार्थी नाहीत" असं स्वतःशीच म्हणून पूर्ण पैसे घेतले.

आता इतिहास. तो सांगायचा तर आधी शेजाऱ्यापासून सुरुवात करावी लागते, आणि हॅलमचं सगळं दुखणं तिथेच आहे.

24 ऑक्टोबर 1857 रोजी नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी शेफील्ड फुटबॉल क्लब काढला. आजही चालू असलेला हा जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब. क्रिकेट खेळणारी मंडळी, हिवाळ्यात हातपाय मोकळे करायला काहीतरी हवं म्हणून जमलेली. 1858 साली त्यांनी स्वतःचे नियम लिहून काढले. लंडनची फुटबॉल असोसिएशन (एफए) जन्माला यायला अजून पाच वर्षं होती. पण गंमत अशी, की क्लब काढला तरी खेळायचं कुणाशी? दुसरा क्लबच नव्हता. मग लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे, आडनावाची अमुक अक्षरं विरुद्ध बाकीची, अशा आपसातल्या मॅचेस ते तीन वर्षं खेळत बसले.

ही अडचण सोडवली हॅलमनं. 1860 साली जॉन चार्ल्स शॉ आणि थॉमस व्हिकर्स यांनी टेकडीवरच्या या वस्तीत दुसरा क्लब उभा केला. सँडीगेटवर क्रिकेट 1804 पासून खेळलं जात होतंच. 26 डिसेंबर 1860, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, शेफील्डची मंडळी टेकडी चढून आली आणि दोन क्लबांमधली जगातली पहिली फुटबॉल मॅच इथे झाली. जमिनीवर बर्फ होतं. पाहुणे लाल-पांढऱ्या पोशाखात, यजमान बहुतेक 'गर्न्सी' म्हणतात त्या निळ्या लोकरी स्वेटरांत. पांढऱ्यावर ते रंग कसे खुलून दिसत होते याचं स्थानिक वर्तमानपत्रानं कौतुक केलं. अंधार पडेपर्यंत खेळ चालला. शेफील्डकडे माणसं कमी होती, तरी तेच 2–0 जिंकले.

म्हणजे बघा, जगातली पहिली मॅच घरच्या मैदानावर, जास्त माणसं घेऊन, हॅलम हरलं. पण मला विचाराल तर फुटबॉलची खरी सुरुवात 1857 ची नव्हे, 1860 ची. आपसात खेळतात तो व्यायाम. समोर कुणीतरी परका उभा राहिला, त्याच्याकडून हरलो आणि घरी जाताना चरफडलो, की तो खेळ. हे मत मी बारमध्ये मांडलं तेव्हा हॅलमच्या माणसांना ते फारच पटलं. अर्थात ते निःपक्षपाती नव्हते.

दोनच वर्षांत या शेजारधर्माला भलताच रंग चढला. 29 डिसेंबर 1862 रोजी ब्रॅमॉल लेनवर दोघांची पुन्हा गाठ पडली. तेव्हा ते क्रिकेटचं मैदान होतं आणि तिथे झालेला हा पहिला फुटबॉल सामना. धक्काबुक्कीत हॅलमच्या वॉटरमनला चुकून लागलं. त्यानं अंगातलं वेस्टकोट काढून फेकलं आणि मेजर क्रेसविकवर धावून गेला. मेजरसाहेबांनी उलट हात उचलला नाही, असं वर्तमानपत्रानं आवर्जून लिहिलं. प्रेक्षकही आत घुसले. मॅच 0–0 सुटली.

ही मॅच होती धर्मादाय. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी, कापूस येईना, म्हणून लँकेशायरच्या गिरण्या बंद पडून कामगार उपाशी होते. त्यांच्या मदतीसाठी हा सामना. हे वाचलं आणि मी अडखळलोच. कारण त्याच नाकेबंदीनं आपल्याकडे कापसाचे भाव आभाळाला टेकवले होते. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून लँकेशायरला निघाला, प्रेमचंद रायचंदांसारखे व्यापारी मालामाल झाले, समुद्रात भराव टाकायच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी वेड्यासारखे घेतले आणि 1865 साली युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळला. एकाच टंचाईपायी इकडे वेस्टकोट काढून मारामारी करत वर्गणी गोळा होत होती, आणि तिकडे ज्या पैशातून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला तो पैसा जमत होता.

हॅलमचा खरा मानाचा दिवस 1867 चा. थॉमस युडन नावाच्या नाटकगृहाच्या मालकानं शेफील्डच्या क्लबांसाठी कप ठेवला. बारा क्लब उतरले. एफए कप सुरू व्हायला अजून चार वर्षं होती. अंतिम सामन्यात हॅलमनं नॉरफोकला हरवलं, आणि तेही एकही गोल न करता! त्या काळच्या शेफील्ड नियमांत गोलच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर आणखी झेंडे असत. चेंडू त्यांच्यामधून गेला आणि हल्ला करणाऱ्यानं तो सगळ्यांआधी जमिनीवर दाबला की 'रूज' मिळे. गोल बरोबरीत असले तर रूज मोजायचे. हॅलमचे दोन, नॉरफोकचे शून्य. जगातला पहिला फुटबॉल कप असा दोन रूजवर घरी आला. पुढे तो कप हरवला, कित्येक दशकं त्याचा पत्ता नव्हता, आणि 1997 साली स्कॉटलंडमधल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे निघाला. क्लबला स्वतःचाच कप पैसे मोजून परत घ्यावा लागला.

शेफील्डच्या नियमांचं श्रेय मात्र लंडननं खाल्लं, असं इथल्या लोकांचं ठाम म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. कॉर्नर किक शेफील्डची. वरचा पक्का आडवा बार शेफील्डचा. 1877 साली दोन्ही नियमावल्या एक झाल्या आणि शेफील्ड हे नाव मागे पडलं.

मॅच सुरू झाली. निळ्या शर्टातलं हॅलम पहिल्या अर्ध्यात चढावर खेळत होतं. समोरचे डॉनकास्टरच्या बाजूचे, अंगापिंडानं दणकट. कठड्याला टेकून उभं राहिलं की खेळाडू हातभर अंतरावरून जातात. त्यांचा श्वास ऐकू येतो, शिव्याही. टच लाइनवरच्या लेफ्ट बॅकनं थ्रो घेण्याआधी चेंडू शर्टाला पुसला, चिखल शर्टावर आला, चेंडू होता तसाच राहिला. माझ्या शेजारी एक बाई कुत्रा घेऊन उभ्या होत्या. रेफरीचा निर्णय विरोधात गेला की त्या ओरडायच्या आणि पाठोपाठ कुत्रा भुंकायचा, न चुकता. पहिल्या अर्ध्यात एक गोल खाल्ला.

मध्यंतरात 'पाय' (कणकेच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि चेपलेले हिरवे वाटाणे. त्यावर हेंडरसन्स रेलिश ओतायचं, हा शेफील्डचा कुळाचार. नारिंगी लेबलची बाटली, चव चिंच-गुळाच्या पातळ पाण्याच्या आसपासची. भाचीनं दोनदा घेतलं. मला ते बरं लागलं, पण वाटाण्यांविषयी मी काही बोलणार नाही.

उत्तरार्धात उतार आमच्या बाजूला आला. "आता बघा," कुत्र्याच्या बाई म्हणाल्या. चेंडू खरोखरच जरा जास्तच लांब जात होता, आणि तोच घोटाळा झाला: हॅलमचे पासही पुढे निसटून गोल लाइनबाहेर जायला लागले. शेवटच्या दहा मिनिटांत कॉर्नरवरून एक हेडर लागला, 1–1. शेसव्वाशे लोकांचा आवाज, पण कठडा हादरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ड्रॉनफील्डला गेलो. कारण शेफील्ड एफसी, तो 1857 वाला, आता शेफील्डमध्ये नाहीच. 2001 पासून शहराची हद्द ओलांडून डर्बीशरमध्ये, कोच अँड हॉर्सेस या पबच्या मागे त्यांचं मैदान आहे. फिफानं 2004 साली ऑर्डर ऑफ मेरिट दिलेले क्लब दोनच, रेआल माद्रिद आणि हा. 2007 च्या दीडशेव्या वर्षाला पेले येऊन गेले. पण स्वतःच्या शहरात हक्काची जागा नाही. 2011 साली क्लबनं हस्तलिखित नियमांसह आपली जुनी कागदपत्रं लिलावात काढली, 8,81,250 पौंडांना गेली. घरची अडचण असते तेव्हा माणूस काय काय विकतो हे आपल्याला सांगायला नको. जुना क्लब एकाकडे, जुनं मैदान दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी.

रविवार होता, मैदान रिकामं, पब चालू. काउंटरवरच्या काकांना भाचीनं सांगितलं, काल आम्ही सँडीगेटला होतो.

"छान जागा आहे," ते म्हणाले. "1860 चा निकाल सांगितला का त्यांनी?"

मी म्हटलं, हो, सांगितला की.

"दोन–शून्य," काकांनी तरीही सांगितलं, आणि माझ्या ग्लासात बिअर भरायला घेतली.