दंडवते गेले त्या रात्रीची कोकणकन्या

१२ नोव्हेंबर २००५ ला माजी रेल्वेमंत्री मधू दंडवते गेले. मी टीसी, आणि त्या रात्री माझी ड्युटी कोकणकन्या एक्स्प्रेसवर होती. दिवाळी उलटली होती तरी स्लीपर गच्च भरलेला. ठाणं सुटलं तरी एका कंपार्टमेंटमध्ये दिवा मालवायला कुणी तयार नव्हतं. कोकण रेल्वे नेमकी कुणाची, यावर तिथे जुंपली होती. सीटवरून, खिडकीवरून, सामानावरून भांडणं रोज सोडवतो. पुढाऱ्यावरून, आणि तेही शिवीगाळ न करता भांडणारे प्रवासी मला नवीनच होते.

एक कॉलेजचा पोरगा कोकण रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअर श्रीधरनांच्या बाजूचा. त्याच्या मते बोगदे खणले त्यांनी, बाकी सगळे फक्त फिती कापणारे. समोरच्या बाई बॅ. नाथ पैंच्या. राजापूरचे खासदार म्हणून कोकणात रेल्वे आणा, असा धोशा आधी त्यांनी लावला होता. १९७१ ला ते गेल्यावर तिथून दंडवते उभे राहिले आणि सलग पाच वेळा निवडून आले. कुणीतरी जॉर्जचं नाव घेतलं. तेही खोटं नव्हतं. १९९० साली कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिसच होते. पण अर्थखातं दंडवत्यांकडे होतं. निम्म्याहून थोडं जास्त भांडवल रेल्वेचं, उरलेलं महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळचं, आणि वरचा पैसा रोखे काढून उभा करायचा. तिजोरीची चावी ज्याच्या हाती तोच आडवा पडला असता, तर ७४१ किलोमीटर कागदावरच राहिले असते. हे मी बोललो नाही. टीसीने प्रवाशांच्या राजकारणात पडू नये.

तेवढ्यात त्या पोराने बर्थ दाखवला. "साहेब, हे बघा, रेक्झिन फाटलंय." चीर बोटभर, आतून पिवळा फोम बाहेर आलेला, कुणीतरी टोकरून टोकरून काढलेला. मी नंबर टिपून घेत होतो. खिडकीशी बसलेले एक म्हातारे तोवर गप्प होते, ते म्हणाले, "बाळा, तो फोमसुद्धा तेंचोच."

आता मला राहवेना. दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा सेकंड क्लासच्या स्लीपरला नुसती लाकडी फळी असे. दोन रात्रींचा प्रवास झाला की माणूस कंबर धरून उतरायचा. फर्स्ट क्लासवाल्यांचं काही काढून न घेता दंडवत्यांनी फळीवर दोन इंच फोम चढवला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली सुरू झाली, तिला फर्स्ट क्लासच नव्हता. मला विचाराल तर कोकण रेल्वेपेक्षा हे काम मोठं. रूळ तीन राज्यांना मिळाले, फोम सगळ्या देशाला. पण त्याचं उद्घाटन होत नाही, पाटी लागत नाही. मूळचा फिजिक्सचा प्रोफेसर. कंबरेला काय सोसतं याचा हिशेब त्याने बरोबर मांडला.

म्हातारे परळ वर्कशॉपचे निघाले. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातल्या संपात नोकरी गेली, क्वार्टर गेलं, बायकोमुलांना घेऊन सायनला मेहुण्याच्या खोलीत तीन वर्षं काढली. "माका चौऱ्याहत्तरात काढल्यानी. सत्याहत्तरात ह्या माणसान परत घेतल्यान." संपात काढलेल्यांना कामावर घेण्याचा निर्णय दंडवते मंत्री झाल्यावर झाला होता, हे मला ठाऊक होतं. ज्याला घेतलं असा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

पोरगा म्हणाला, "मग आजोबा, एक्याण्णवच्या निवडणुकीत ते पडले कसे? कॉर्पोरेशन होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं."

"आमीच पाडलव," म्हातारे म्हणाले. "मी रिटायर होवन गावाकच होतंय."

"पण का?"

"अरे, रूळ बघल्याशिवाय रेल्वे येतली म्हणान कोणाक खरा वाटतला? बापाशीन ऐकला, मी ऐकलंय. भाषणात रेल्वे रोजच येय."

नाथ पैंच्या बाई हसल्या. पोरगा आणखी काही विचारणार होता, पण पनवेल आलं आणि चार आरएसीवाले माझ्या मागे लागले.