पाचव्या चालीचा घोडा

मे महिना, पारा बेचाळिशीकडे, शाळेच्या हॉलमध्ये गरम हवाच फिरवणारे पंखे आणि व्हरांड्यात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत चाललेल्या पालकांच्या गप्पा. सोलापुरात सुट्टीतल्या बुद्धिबळ स्पर्धेची पहिली फेरी सुरू झाली की लहान गटातले बरेच पट सारखेच दिसतात. ई४ ई५ (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर सांगितलं की प्याद्याची चाल; आधी पांढरा, मग काळा), घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, घोडा एफ६. आणि लगेच पांढऱ्याचा घोडा जी५वर.

रोख काळ्याच्या एफ७वरच्या प्याद्यावर. सुरुवातीला त्या प्याद्याला एकट्या राजाचा आधार असतो. काळ्याकडची काही पोरं एच६ करून घोड्याला हाकलायला जातात. घोडा एफ७ मारतो आणि वजीर-हत्ती दोन्ही एकदम धरतो. उंटाची वाट अडवणारं डी५ हेच खरं उत्तर, आणि ते बहुतेकांना पाठ असतं. पांढरं प्यादं डी५ मारतं. गोची होते ती इथे.

समोर फुकटचं प्यादं दिसतं, हात आपसूक एफ६च्या घोड्याकडे जातो. मारलं की पांढरा घोडा एफ७वर बळी जातो, राजाला तो घ्यावा लागतो. मग वजीर एफ३, शह! डी५चा घोडा वाचवायला राजा ई६वर, भर चौकात. वर घोडा सी३. कॉम्प्युटरसमोर बसून हे सांभाळता येईलही. घड्याळ पळत असताना बारा वर्षांच्या पोराला नाही. बरं, ऐनवेळी आठवलं म्हणून सुटका नाही. हात लागलेला घोडाच चालवावा लागतो.

चालवायचा असतो दुसरा घोडा. सी६वरचा, तोही ए५ला, पटाच्या कडेला. ‘घोडा कडेला नेऊ नये’ हे क्लासमध्ये घोकून घेतलेलं असतं, म्हणून ही चाल सुचतच नाही. पण डी५चं प्यादं त्याच घोड्यावर टपलेलं असतं, आणि ए५वरून तो उलट उंटावर उठतो. पुढे पांढऱ्याचा उंट बी५ शह, सी६, प्यादं मारतं, बीचं प्यादं मारतं, उंट ई२. एच६, घोडा एफ३, ई४, घोडा ई५. काळ्याचं एक प्यादं कमी. पण पांढऱ्याने दहा चालींत हलवलं काय? एक घोडा, एक उंट, एक प्यादं. बाकी सगळं घरीच, किल्लेकोटसुद्धा (राजाला हत्तीच्या आड नेणारी चाल) राहिलेला. काळा उंट डी६वर आणून ई५च्या घोड्याला पुन्हा उठवतो.