तीनशे युनिटची रेघ

२०१९ सालच्या अखेरीस महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौरऊर्जेच्या विनियमांचा नवा मसुदा सूचना व हरकतींसाठी प्रसिद्ध केला, तेव्हा पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव वीजबिल घेऊन माझ्या कार्यालयात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे काका संस्थेच्या गच्चीवर दहा किलोवॅटचे पॅनेल बसवण्यासाठी ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊन बसले होते, आणि ‘नेट बिलिंग’ या शब्दाने त्यांची झोप उडवली होती.

२०१५च्या विनियमांप्रमाणे दिवसा ग्रिडमध्ये गेलेले युनिट ग्राहकाने इतर वेळी वापरलेल्या युनिटमधून वजा होत असे; हेच नेट मीटरिंग. मसुद्याने ही सोय महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांपुरती ठेवली होती. त्यापुढच्यांची सौरवीज कमी दराने विकत घ्यायची आणि त्यांनी वापरलेली वीज मात्र नेहमीच्या चढ्या दराने आकारायची, असा ‘नेट बिलिंग’चा बेत होता. वितरण कंपन्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. जास्त वापर असलेल्या ग्राहकाच्या चढ्या दरावर कमी वापर असलेल्याची स्वस्त वीज तोललेली असते, आणि तोच ग्राहक निसटला तर भार उरलेल्यांवर पडणार.

माझी हरकत चौदा पानांची होती. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ८६(१)(ई) नुसार नवीकरणीय ऊर्जेला चालना देणे आणि तिच्यासाठी ग्रिडजोडणीची व विक्रीची व्यवस्था करणे हे आयोगाचे कर्तव्य आहे, ही माझी मुख्य भिस्त होती. सुनावणीत मी ते कलम मोठ्या तयारीने वाचून दाखवले. माझ्याआधी बोललेल्या दोघांनी तेच कलम वाचले होते, हे मला उभी राहिल्यावर आठवले.

मग काका उठले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडी घातलेले बिल काढले, चष्मा पुसला आणि सांगितले, की हे बिल जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या सामायिक मीटरचे आहे, महिन्याचा वापर ११०० युनिट आहे आणि इमारतीत बावीस बिऱ्हाडे आहेत. “म्हणजे घरामागे ५० युनिट. यात श्रीमंत कोण, ते मला दाखवा.” पंप सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला चालतो, जिन्यातले दिवे रात्री लागतात आणि ऊन दुपारी पडते; तेव्हा युनिटची वजावट गेली, तर दुपारची स्वतःची वीज स्वस्तात विकून संध्याकाळी महागात घ्यावी लागेल, हे त्यांनी तारखेनिशी लिहिलेल्या पंपाच्या वहीवरून समजावले. व्यासपीठावरून वहीची प्रत मागितली गेली. माझ्या चौदा पानांतले काहीच कोणी मागितले नाही. मला खरे बोचले ते निराळेच: हा मुद्दा त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगितला होता आणि मी तो तेराव्या पानावर दोन ओळींत उरकला होता. तीनशेची रेघ मोठी घरे आणि छोटी घरे यांच्यामध्ये आखली आहे, असे मीही मसुदा लिहिणाऱ्यांसारखेच धरून चालले होते.

३० डिसेंबर २०१९ रोजी अंतिम विनियम निघाले. नेट मीटरिंग कायम राहिले, नेट बिलिंग ग्राहकाच्या निवडीवर सोडले गेले, आणि ग्रिड सहाय्य आकार, म्हणजे ग्रिडच्या वापरापोटी सौरग्राहकांकडून घ्यायचे शुल्क, राज्यातील छतावरील क्षमता २००० मेगावॅट होईपर्यंत लांबणीवर पडला. दहा किलोवॅटपर्यंत मंजूर भार असलेल्यांना तर त्यातून सूटच मिळाली. हरकती पुष्कळ आल्या होत्या, त्यामुळे हे श्रेय कोणा एकाच्या वहीला देणे योग्य नाही, वकिलाच्या हरकतीला तर नाहीच.

मी फोनवर काकांना विनियम वाचून दाखवू लागले, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले.

“वकीलबाई, दुपारची वीज संध्याकाळी पंपाला मिळणार ना?”

“मिळणार, काका.”

“मग फलकावर तेवढेच लिहितो. ठेकेदाराला सोमवारी बोलावतो.”