‘पण त्याने काही होतं का हो?’

हा प्रश्न मला जिन्यात विचारला जातो, वाण्याकडे विचारला जातो, आणि परवा तर एका मुंजीत मठ्ठा वाढता वाढता विचारला गेला. “तुम्ही ते फूटपाथचं वगैरे करता ना? चांगलं आहे. पण त्याने काही होतं का हो?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. बहुतेकांना ‘नाही’ हेच उत्तर हवं असतं, कारण मग घरी बसायला मोकळीक मिळते. इतकी वर्षं मी हसून “बघू या” म्हणत आले. आज नीट सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून.

होतं. बत्तीसाचं पंधरा होतं.

आमच्या रस्त्याचा फूटपाथ काही ठिकाणी बत्तीस सेंटिमीटर उंच होता. रस्त्यावर डांबराचा थर चढला की फूटपाथ आणखी उचलायचा, असं करत करत तो ओटा झाला होता. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या एक्याऐंशीच्या होत्या. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं. चालायचं कुठे, ते नाही सांगितलं. त्या रस्त्याच्या कडेने चालायच्या, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा उभ्या केलेल्या गाड्यांच्या सीटवर. मागून हॉर्न वाजला की खांद्यावरची बोटं रुतायची. माझ्या खांद्याला ती वेळ अजून आठवते.

मी महापालिकेकडे अर्ज केला. ‘फूटपाथ फार उंच असून ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे अर्ज मला बरा लिहिता येतो. त्यावर शिक्का बसला, आवक क्रमांक पडला, पोच मिळाली, आणि अर्ज निवांत झोपला. तीन महिन्यांनी आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी तो वाचला आणि विचारलं, “वहिनी, फार उंच म्हणजे किती?”

मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन बाहेर पडले. वाकायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. चौदा ठिकाणं. एकाने विचारलं, “मेट्रोचं का?” एका दुकानदाराने मला बघून फूटपाथवरचा बोर्ड आत ओढला, दोन क्रेट उचलले, आणि चहा मागवला. मी महापालिकेची नाही हे कळल्यावर चहा पाजलाच, पण बोर्ड परत बाहेर ठेवला. पुण्यात एवढा प्रामाणिकपणा अजून आहे.

इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवते. पादचाऱ्यांसाठीच्या त्यांच्या निकषांत फूटपाथची उंची पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी, असं म्हटलंय. म्हणजे दोन माणसं एकमेकांना धक्का न देता जातील एवढी, किंवा एक व्हीलचेअर आणि शेजारी एक माणूस. आमच्या चौदा ठिकाणांपैकी पंधराच्या आत एकही नव्हतं. मोकळी रुंदी एके ठिकाणी साठ सेंटिमीटर भरली, कारण मध्ये विजेची डीपी, तिला टेकून एक बंद पडलेली रसवंतीची गाडी.

हा तक्ता घेऊन गेले तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे केली. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, “बत्तीस? नक्की?” म्हटलं, चला, मोजून दाखवते. गंमत म्हणजे त्यांनाही बरं वाटलं असावं. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हटलं की टेबलापलीकडच्या माणसाला काय करायचं ते कळत नाही. बत्तीसाचं पंधरा करायचं म्हटलं की त्याचं एस्टिमेट निघतं.

पैशांचं म्हणाल तर पुण्यात एक सोय आहे, जी अनेक पुणेकरांना माहीत नसते. २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची पद्धत सुरू झाली. पाच लाखांपर्यंतचं काम आपल्या प्रभागासाठी एका अर्जावर सुचवता येतं: बाक, बसथांबा, फूटपाथची दुरुस्ती. मी तो अर्ज भरला. काम व्हायला सात महिने लागले, आणि चौदातली पाच ठिकाणं झाली. पाच. बाकीच्या नवांचं मी नंतर सांगते.

झालेल्या कामातही माझी एक चूक उरली. मी ‘कोपऱ्यावर उतार करावा’ असं लिहिलं होतं, कसला ते लिहिलं नव्हतं. ठेकेदाराने चकचकीत फरश्यांचा उतार केला. पहिल्या पावसात त्यावरून सासूबाई नाही, मीच घसरले.

आता खरं दुखणं. आमची भांडणं कार्यालयात कमी आणि सोसायटीत जास्त झाली. फूटपाथ खाली आला म्हटल्यावर त्यावर दुचाकी चढवणं सोपं झालं. मग कडेला खांब लावा अशी मागणी आम्ही केली, तर तिसऱ्या मजल्यावरचे काका दोन महिने बोलले नाहीत. त्यांच्या दोन गाड्या तिथे असायच्या. आणि त्यांच्या गाड्यांशेजारी, अकरा वर्षं, माझी ॲक्टिव्हा. मुलगा म्हणाला, “आई, अर्ज लिहायला बसण्याआधी एकदा खिडकीतून खाली बघ.” बघितलं. शरम वाटली, पण लगेच हलवली असं नाही. आठवडाभर कारणं शोधली. शेवटी तीनशे पावलांवरच्या एका वाड्यात महिना पैसे देऊन गाडी ठेवायला लागले, आणि मग लक्षात आलं की तीनशे पावलं जाऊन गाडी काढण्यापेक्षा मंडईला बसने जाणं सोपं पडतं. हे मी आधी कोणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

हे शहर असं नव्हतं. मी कॉलेजात होते तेव्हा खडकीच्या फॅक्टऱ्यांचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा सुटायचा, आणि रस्ता ओलांडायला थांबावं लागायचं ते सायकलींसाठी. डबलसीट दिसलं की पोलीस शिट्टी मारायचे, रात्री दिवा नसला की हवा सोडायचे. ‘सायकलींचं शहर’ ही बिरुदावली आम्ही अजून मिरवतो, पण शाळेत सायकलवर जाणाऱ्या मुलीला तिची आई रोज फाटकापर्यंत काळजीने बघत राहते. मीही राहिले असते. नात आता दहा वर्षांची आहे, सायकल बाल्कनीत आहे.

कागदाला मात्र या गावात तोटा नाही. पादचाऱ्यांसाठीचं धोरण महापालिकेने २०१६ मध्ये मंजूर केलं, त्याच सुमारास रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शिका आली. २०१७ च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर झाला, आठशेहून अधिक किलोमीटरच्या मार्गांचा. वाचा कधी, छान आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ झाला तेव्हा ‘आता वाहतूक तुंबणार’ म्हणणारे आज त्याच फूटपाथवर बाकावर बसून भेळ खातात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. मी सासूबाईंना पहिल्या वर्षी नेलं होतं. लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्या म्हणाल्या, “अगं, वरच्या मजल्यावर एवढं कोरीवकाम आहे होय!” साठ वर्षं त्या रस्त्यावर साड्या घेतल्या, मान वर करायची फुरसत कधी मिळाली नव्हती. बारा डिसेंबरला अर्थात सगळं जागच्या जागी.

बीआरटीबद्दल, म्हणजे बससाठी रस्त्यात राखलेल्या वेगळ्या मार्गाबद्दल, विचारू नका असं म्हणणार होते, पण लोक विचारतातच. २००६ च्या डिसेंबरात कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर ती सुरू झाली, देशात पहिली म्हणून. पुढे इतर रस्त्यांवर आली, आणि नगर रस्त्यावर तर नंतर उखडलीही गेली. ‘बीआरटी फसली’ असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं, ती पुरती झालीच नाही. सलग मार्ग नाही, थांब्यापर्यंत धडपणे पोचता येत नाही, मार्गात दुचाकी घुसतात आणि बस वेळेवर नाही. निम्म्या शिजलेल्या भाताला तांदूळ वाईट म्हणण्यातली ही गोष्ट.

बसचं आणि फूटपाथचं काय नातं, असं मला एका हुशार माणसाने विचारलं होतं. बसमधला प्रत्येक माणूस बसमध्ये चढायच्या आधी आणि उतरल्यावर पायी असतो, एवढंच. आमच्या थांब्यापुढे रिक्षा उभ्या असतात म्हणून बस रस्त्याच्या मध्ये थांबते. मग पिशव्या सांभाळत, मागून येणारी दुचाकी चुकवत, उंच पायरीवर चढायचं. कंडक्टर म्हणतो, “चला मावशी, लवकर.” लवकरच चालले होते की. जून २०२५ मध्ये पीएमपीचं, म्हणजे आमच्या शहर बसचं, तिकीट वाढलं, चाळीस रुपयांचा दिवसाचा पास सत्तर झाला. माझं भागेल. पण चार घरची कामं करणाऱ्या बाईने त्या सत्तर रुपयांत काय सोडायचं ते ठरवावं लागतं, आणि ती बहुतेकदा बस सोडते. म्हणजे परत फूटपाथ. मेट्रो आली, मी ती आवडीने वापरते, सप्टेंबर २०२४ पासून तर स्वारगेटपर्यंत जमिनीखालून जाते. स्टेशनात लिफ्ट, सरकते जिने, लख्ख उजेड. आणि काही ठिकाणी बाहेर पाऊल टाकलं की थेट गटाराचं झाकण.

सिग्नलची गोष्ट राहिली. आमच्या चौकात रस्ता चोवीस मीटरचा, आणि पादचाऱ्यांना वेळ पंधरा सेकंद. एका सकाळी मी घड्याळ धरून सासूबाईंच्या बरोबर चालले. डिव्हायडरजवळ पोचेपर्यंत वेळ संपत आली आणि सिग्नलमधला हिरवा माणूस भराभर पाय टाकायला लागला. त्या थबकल्या. “तो पळतोय गं. मी कशी पळू?” एक टेम्पो आमच्या पुढून गेला, एक मागून. पूर्ण रस्ता ओलांडायला एक्केचाळीस सेकंद लागले, त्यातले सहा डिव्हायडरला हात टेकून श्वास घेण्यात गेले.

हा अर्ज देणं फूटपाथपेक्षा अवघड होतं. सिग्नलचा खांब एका खात्याचा, वेळ ठरवणार वाहतूक पोलीस, रंग मारणार तिसरेच. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने ‘साहेब साइटवर’ सांगितलं. पण ‘वेळ अपुरा आहे’ असं आम्ही कुठेही लिहिलं नाही. दहा ज्येष्ठांची नावं न घालता वयं आणि सेकंद लिहिले: ७४, अठ्ठावीस. ८१, एक्केचाळीस. ६८, काठी, तेहतीस. पंधराचे पंचवीस झाले, आणि मध्ये उभं राहायला डिव्हायडरमध्ये एक मोकळी जागा मिळाली. पंचवीस पुरत नाहीत. पण आता अर्ध्यात थांबता येतं.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत जवळजवळ पाचातला एक जण नुसता पायी चाललेला होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्यांशिवायचा फूटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्कातच येतो असं म्हटलं. कात्रण मी फाइलला लावलंय, वापरतेही. पण खरं सांगू, साहेबांच्या टेबलावर कात्रणापेक्षा टेपचं वजन जास्त पडतं.

आणि हो, ती उरलेली नऊ ठिकाणं. त्यांतली चार पुढच्या वर्षी झाली. एका ठिकाणी डीपी हलवावी लागणार, ते अडलंय. एक दुकानदाराने स्वतःच केलं, मला न सांगता. तोच, चहावाला. तीन तशीच आहेत. मार्च २०२२ नंतर बरीच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे ‘जरा फोन करा ना’ म्हणायची वाटही बंद होती. आणि झालेल्यांपैकी दोन गेल्या वर्षी केबलसाठी खणली. बुजवून दिल्यावर मी मोजली, तर एक सोळा, एक एकवीस. एकवीसवाल्याचा अर्ज दिलाय, आवक क्रमांक माझ्या वहीत आहे.

सासूबाई आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या वर्षात त्या खालच्या फूटपाथवरून कोपऱ्यापर्यंत एकट्या जायच्या, हात कुठेही न टेकता, आणि परत येऊन मला दार उघडायला लावायच्या, किल्ली जवळ असूनसुद्धा. एवढंच झालं. तुम्ही विचारत होतात ना, काय होतं.

शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही शाळेसमोरचा रस्ता मोजणार आहोत. ओव्हरसियर काकांचे गुडघे आता वाकत नाहीत, ते लिहून घेतील. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय. बूट घालून या, तिथल्या पेव्हर ब्लॉकवर चपला अडकतात.