आमची वाटचाल : कटोरी ब्लाउज ते हिशेबाची वही

माझी आई १९९१ पासून सांगलीत शिवणक्लास घेते. गावभागातली तळमजल्यावरची एक खोली, दोन पायमशिनी, एक लांब टेबल आणि भिंतीवरच्या फळ्यावर मापांचा तक्ता, एवढ्यावर तो सुरू झाला. आज आम्ही मोबाइलवर मराठीतून शिवण, आरी वर्क, केक, देवनागरी सुलेखन आणि छोट्या धंद्याचा हिशेब शिकवतो. भागीदारी पत्रावर आम्ही तिघं आहोत : आई, मी आणि माझे मिस्टर. पण कामाची खरी सुरुवात झाली ती आईला येणाऱ्या फोनांमुळे.

क्लासमधल्या मुली लग्न होऊन जतला, आटपाडीला, बेळगावला, इंदूरला जायच्या आणि तिथून फोन करायच्या. "बाई, मुंढ्यापाशी चुण्या पडतायत." मुंढा म्हणजे बाही जोडतात तो गोलाकार काप. आई दोन प्रश्न विचारायची आणि सांगायची, "पुढचा मुंढा पाठीएवढाच कापलायस तू. पुढचा जरा खोल घे." २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नुसत्या आवाजाच्या जागी फोटो यायला लागले. त्या दिवाळीत आईच्या मोबाइलमध्ये ब्लाउजांचे इतके फोटो साठले की फोन बंद पडायला लागला. ती एकेकीला बोलून उत्तर पाठवायची. तेच तेच उत्तर, दिवसातून सहा वेळा.

मी तेव्हा एका कर सल्लागारांच्या ऑफिसात नोकरीला होते. मिस्टर लग्नाचं शूटिंग करायचे. पावसाळ्यात मुहूर्त नसतात, कॅमेरा कपाटात असतो. २०१७ च्या त्या रिकाम्या महिन्यांत आम्ही ठरवलं की आईचं कटोरी ब्लाउजचं कटिंग एकदा शूट करून ठेवायचं, म्हणजे तिला तेच पुन्हा सांगायला लागणार नाही.

पहिला व्हिडिओ पूर्ण वाया गेला. लग्नात जसा कॅमेरा समोर लावतात तसा लावला होता. बघणारीला आईचे हात उलटे दिसत होते. डावं उजवीकडे, पाठ पुढे. दुसऱ्या वेळी पंख्याच्या हुकाला लोखंडी पाइप बांधला आणि कॅमेरा वरून, आईच्या नजरेने दिसेल असा लावला. मग लक्षात आलं की फुलाफुलांच्या कापडावर खडूची रेघ लहान स्क्रीनवर हरवते. साधं पांढरं पॉपलिन आणि निळा खडू आणला. मशीन सुरू झालं की आईचा आवाज बुडायचा. आवाज वेगळा रेकॉर्ड करून पाहिला, पण हात रिकामे असले की आईला बोलताच येत नाही. तिचं सांगणं कापडाच्या ओढीबरोबर चालतं. शेवटी तिनेच मार्ग काढला : समजवायच्या जागी पाय थांबवायचा आणि चाक हाताने फिरवत एकेक टाका घालायचा. शिकणारीलाही सुई कुठे वळते ते नीट दिसायला लागलं. आजही आमचे सगळे शिवणाचे धडे असेच शूट होतात.

त्याच दिवसांत शब्दांवरून आमचं घरात भांडण झालं. मी इंग्रजी पुस्तकं वाचून धड्यांचं टिपण केलं होतं. त्यात 'सीम अलाउन्स' लिहिलं होतं, 'बायस कट' लिहिलं होतं. आईने ते वाचलं आणि म्हणाली, "हे कुणाला शिकवणार आहेस? याला माया म्हणतात." शिलाईच्या पलीकडे जे कापड राखून ठेवतात, पुढे बाई अंगाने भरली तर उसवून सैल करता यावं म्हणून, ती माया. तिरक्या कापलेल्या पट्टीला उरेब पट्टी. हे शब्द प्रत्येक शिंप्याच्या तोंडी आहेत, आणि त्यांत काम कशासाठी करायचं तेही आलेलं आहे. माया किती सोडायची हे सांगताना आई नेहमी विचारते, "ब्लाउज कुणाचं आहे? कॉलेजच्या मुलीचं की बाळंतिणीचं?" तेव्हापासून आमचा नियम झाला. कुठलाही नवा कोर्स करायचा तर आधी त्या कारागिराबरोबर बसून शब्दांची यादी करायची. त्यांच्या तोंडचा शब्द तोच धड्यात. माझ्या दृष्टीने आमच्या सगळ्या कामात मोलाचं काही असेल तर या याद्या आहेत.

पुढे वेबसाइट झाली तेव्हा या शब्दांची दुसरी बाजू दिसली. बायका ब्लाउज, ब्लाऊज, बलाउज, काही जणी तर बोलूनच शोधायच्या, आणि शोधात काहीच सापडायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून कुणी रिकाम्या हाताने परत जावं हे मला सहन झालं नाही. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला आम्ही आलेल्या शोधांची वही दिली आणि त्यातलं प्रत्येक रूप योग्य धड्याला जोडून घेतलं. ती वही अजून वाढतेच आहे.

पण वेबसाइटच्या आधी पेनड्राइव्ह होते. २०१८ मध्ये पहिला कोर्स आम्ही ४९९ रुपयांना पेनड्राइव्हवर विकला. खेड्यांत नेट होतं, पण दिवसाचा डेटा घरातली मुलं संध्याकाळपर्यंत संपवायची. पेनड्राइव्ह टीव्हीला लावता यायचा, रात्री जेवणं उरकल्यावर बघता यायचा. पैसे कधी यूपीआयने, कधी एसटीतून येणाऱ्या कुणा नातेवाइकाच्या हातून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही २००५ चा पूर पाहिलेला होता, त्या हिशेबाने सामान माळ्यावर चढवलं आणि आईला घेऊन विश्रामबागेत बहिणीकडे गेलो. पाणी त्या माळ्यापर्यंत पोचलं. ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा टेबल फुगून फाटलेलं होतं, मशिनींच्या शटलमध्ये गाळ बसलेला होता. व्हिडिओंच्या दोन्ही हार्डडिस्क एकाच डब्यात ठेवल्या होत्या, त्या दोन्ही गेल्या. दोन वर्षांचं शूटिंग. आईचे कागदी फर्मे, म्हणजे ज्यावरून कापड कापतात ते साचे, तेही गेले. ते तिने तिच्या बाईंकडून उतरवून घेतले होते आणि काही तीस वर्षांपूर्वीचे होते.

मग एक गोष्ट घडली जी मी कधी विसरणार नाही. विकलेले पेनड्राइव्ह परत यायला लागले. जतहून एक आला, तासगावहून दोन, बेळगावहून एक कुरिअरने. "बाई, यातून कॉपी करून घ्या आणि मग माझा परत पाठवा." बहुतेक धडे असे आम्हाला आमच्याच विद्यार्थिनींकडून परत मिळाले. फर्मे मिळाले नाहीत. आईने ते आठवून पुन्हा काढले, आणि त्या वेळी प्रत्येक फर्मा काढतानाचं शूटिंग केलं. आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, आणि प्रत्येक धड्याची एक प्रत सांगलीबाहेर असते.

२४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाउन जाहीर झाला. क्लास बंद. एप्रिलमध्ये बचत गटांच्या बायका मास्क शिवायला लागल्या, आणि आईने व्हिडिओ कॉलवर तीन चुण्यांचा दुहेरी सुती मास्क शिकवला. चौथ्या दिवशी एकीने सहज सांगितलं की तिला एका मास्कला तीन रुपये मिळतात. आईने मला हाक मारली : "तू ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब करतेस ना? हिचा कर."

मी तो हिशेब केला आणि रात्री झोपू शकले नाही. इतकी वर्षं आपण बायकांना हात चालवायला शिकवत होतो, आणि हाताचा भाव लावायला कुणीच शिकवलं नव्हतं. क्लासच्या कुठल्याही पुस्तकात तो धडा नव्हता. मी नोकरी सोडली ती या धड्यासाठी.

धडा अगदी साधा आहे. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई समजा २५० रुपये घेतली. अस्तर ८०. हुक, दोरा, कॅनव्हास १५. वीज, तेल, मशीनची दुरुस्ती मिळून १०. हातात उरले १४५. आता वेळ मांडायचा : मापं पाव तास, कटिंग पाऊण तास, शिवण दोन तास, हातशिलाई आणि हुक अर्धा तास, आणि "जरा बाह्या सैल करून दे" म्हणून परत आलेला ब्लाउज, अर्धा तास. चार तास. म्हणजे तासाला ३६ रुपये. हे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा तासगावकडची एक ताई म्हणाली, "मॅडम, एवढ्यात मी द्राक्षाच्या विरळणीला जाऊन आले असते, वर डोळे तरी गेले नसते." त्या दिवशी तिच्या गावातल्या पाच जणींनी मिळून भाव ठरवला आणि सगळ्यांनी एकाच दिवशी वाढवला. एकटीने वाढवला असता तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत गेलं असतं.

हिशेबाच्या कोर्समध्ये पुढे बरंच आलं. केकवाल्यांसाठी अन्न परवान्याची नोंदणी. आम्ही धडा केला तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला ती १०० रुपयांत व्हायची, आणि तरी कितीतरी जणी भीतीने करत नव्हत्या. उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पावतीपुस्तक, घरखर्च आणि धंद्याचे पैसे वेगळ्या डब्यात. पण सगळ्यात जास्त पाहिला जाणारा धडा आहे नात्यातल्या माणसांकडून पैसे कसे मागायचे याचा. तो मी आणि आईने संवाद करून शूट केला. काकू ब्लाउजपीस घेऊन येतात, चहा होतो, "घरचंच तर आहे" म्हणतात. तेव्हा तोंड न पाडता म्हणायचं, "हो काकू, अस्तर आणायचंय, शंभर देऊन ठेवा, उरलेले नेताना द्या." हे एक वाक्य बायका आरशासमोर म्हणून बघतात, असं त्याच मला सांगतात.

आमचा स्वतःचा हिशेब मात्र चुकत माकत जमला. मोठ्या प्लॅटफॉर्मचं पाहून आम्ही महिन्याला १४९ रुपयांचं सभासदत्व ठेवलं होतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा नवा नियम लागू झाला, कार्डावरच्या जुन्या परवानग्या चालेनाशा झाल्या आणि आमचं दरमहाचं उत्पन्न एका महिन्यात कोसळलं. मी एकेकीला फोन केले. तेव्हा कळलं की अडचण त्या नियमाच्या आधीपासून होती. शिवणाऱ्या बाईच्या घरी पैसा दरमहा येत नाही. तो लग्नसराईत येतो आणि दिवाळीत येतो. दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्याकडून पैसे मागणं म्हणजे आषाढात आंबे मागणं. आम्ही सभासदत्व बंद केलं. आता फी एकदाच, हवी तर दोन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता दिवाळीनंतर. त्याच वर्षी उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली आणि १८ टक्के जीएसटी लागू झाला. शिकणाऱ्या बहुतेकींचा स्वतःचा जीएसटी नंबर नसतो, त्यांना त्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून फी ९९९ च ठेवली. त्यातले १५२ रुपये सरकारजमा होतात.

एक कोर्स आम्ही करून बंद केला, त्याविषयीही सांगायला हवं. मिरज आमच्या शेजारी. तिथल्या शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे घडवले. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. एका ज्येष्ठ कारागिरांनी आमच्यासाठी आठ धडे दिले. मंगळवेढ्याकडचा भोपळा कसा निवडायचा, कापायचा, वाळवायचा, इथवर सगळं सुंदर झालं. मग जवारी आली. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने इतका बारीक घासायचा की तार त्याला निसटती शिवत राहावी आणि स्वराला ती झणकार यावी. ते घासायचे, तार छेडायचे, मान हलवायचे. "आता ऐका, उघडली." समोर बसून मला फरक ऐकू येत होता. मोबाइलवर लावलं तर दोन्ही आवाज सारखेच. स्पीकर लहान, त्यात आवाज दाबून पाठवलेला. जो फरक ऐकूच येत नाही तो शिकवणार कसा? आम्ही घेतलेली फी परत केली. ते आठ धडे विनामूल्य ठेवलेत, आणि शेवटी लिहिलंय की जवारी शिकायची असेल तर मिरजेला जाऊन कारागिराजवळ बसा. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो.

२०२२ मध्ये आमचा अख्खा शिवणकोर्स एका ग्रुपवर ५० रुपयांना विकला जात असल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. व्हिडिओवर शिकणारीचा मोबाइल नंबर दिसेल अशी सोय केली, पण त्याने चोरी थांबत नाही. आईला याचं फारसं काही वाटलं नाही. तिचं म्हणणं, व्हिडिओ बघून कुणी शिवण शिकत नाही, चूक दाखवणारं माणूस लागतं. ते खरं होतं. आम्ही फीमधला मोठा वाटा तपासणीकडे वळवला. प्रत्येक धड्यानंतर शिवलेल्या कपड्याचे तीन फोटो पाठवायचे : समोरून, पाठीमागून आणि उलटा करून. उलट्या बाजूचा फोटो महत्त्वाचा, खरी शिलाई तिथे दिसते. आता पाच जणी तपासतात, सगळ्या आईच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांतली एक मस्कतला असते. तपासणीचे पैसे कपड्यामागे मिळतात आणि तो दर त्यांनीच आमच्या हिशेबाच्या धड्याप्रमाणे मांडून आमच्याकडून घेतलाय.

सध्या शिवलेल्या नऊवारीचा कोर्स चालू आहे. दोनदा शूट झाला. काष्ट्यापर्यंत सगळं ठीक आलं. परवा आई पूर्ण धडा बघून म्हणाली, "निऱ्या दिसल्या, पण चिमटीत कशा धरल्या ते दिसलं नाही." म्हणून सोमवारी पुन्हा. साडी इस्त्री करून टेबलावर ठेवली आहे, आणि या वेळी कॅमेरा हुकाला न बांधता आईच्या उजव्या खांद्याजवळ लावायचा आहे.