इंग्रजीचे तीन पेपर आणि त्यांचा सांधा

बी. ए. आणि एम. ए.ला इंग्रजी हा विषय वेगवेगळ्या पेपरांत वाटून दिलेला असतो. साहित्याच्या पेपरात कविता, नाटक आणि कादंबरी. भाषाविज्ञानाच्या पेपरात ध्वनी, आघात म्हणजे अक्षरावर पडणारा जोर, आणि वाक्यरचना. लेखनाच्या पेपरात निबंध आणि सारांश. वेळापत्रकापुरती ही वाटणी सोयीची आहे, पण विद्यार्थी ती मनातही तशीच धरून बसतात. मग भाषाविज्ञान गुण मिळवून देणारा पेपर म्हणून पाठ केला जातो, साहित्य गाईडवर सोपवले जाते आणि लेखन आदल्या रात्रीवर ढकलले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. एम. ए. करताना आणि पुढे हा विषय शिकवताना मला जे खरोखर समजले, ते या तीन पेपरांच्या सांध्यावरच समजले.

ध्वनिशास्त्राच्या सुरुवातीच्या तासांपासूनच हा सांधा दिसू लागतो. मराठीत प आणि फ हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत, त्यामुळे पळ आणि फळ यांत आपली गल्लत होत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस 'पिन' म्हणताना प बरोबर श्वासाचा झोत सोडतो, 'स्पिन' म्हणताना सोडत नाही. तरी त्याच्या कानाला दोन्हीकडे एकच ध्वनी ऐकू येतो. उलट इंग्रजीत v आणि w या ज्या दोन ध्वनींमुळे अर्थ बदलतो, त्या दोहोंसाठी आपण एकच व वापरतो. प्रत्येक भाषा कोणता फरक मोजायचा आणि कोणता सोडून द्यायचा हे आपल्यापुरते ठरवते, हे एकदा कळले की कविता वाचणारा कानही बदलतो.

छंदाच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. 'मनाचे श्लोक' म्हणता म्हणता भुजंगप्रयाताची चाल आपल्या अंगवळणी पडलेली असते: एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. आपले वृत्त अक्षराच्या लांबीवर चालते, इंग्रजी छंद आघातावर. शेक्सपिअरच्या निर्यमक ओळीत साधारणपणे दहा अक्षरे असतात, त्यांच्या पाच जोड्या पडतात आणि प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या अक्षरावर जोर येतो. लघु-गुरू मोजत बसणाऱ्याला ही ओळ गद्यासारखी वाटते. आघात ऐकायला शिकलेल्याला तिचा ठेका सापडतो, आणि ठेका सापडला की तो कुठे मोडला हेही कळते.

शेक्सपिअरच्याच 'किंग लिअर' नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात मेलेल्या मुलीजवळ, कॉर्डेलियाजवळ बसलेला म्हातारा राजा, ती आता परत येणार नाही असे म्हणतो आणि पुढची सबंध ओळ 'नेव्हर' या एकाच शब्दाची होते. १६०८च्या क्वार्टोत, म्हणजे नाटकाच्या सुट्या छोट्या आवृत्तीत, हा शब्द तीनदा येतो, १६२३च्या फोलिओत, म्हणजे नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात, पाचदा. त्यात जोर पहिल्या अक्षरावर आहे. म्हणजे पद्यसंवादांतून कानात बसलेला ठेका या ओळीत एकदा नव्हे, पाचही जागी उलटा पडतो. ज्या क्रमाने जग चालावे अशी म्हाताऱ्याची अपेक्षा होती तो क्रम पार उलटला आहे, आणि ते ओळीच्या चालीतच ऐकू येते. गाईडमध्ये येथे 'पुनरुक्तीतून दुःख व्यक्त होते' एवढेच लिहिलेले असते. ते चूक नाही, पण नाटक न वाचताही ते लिहिता येते, आणि माझा आक्षेप तेवढ्यासाठीच आहे.

लेखनाचे काम येथून सुरू होते. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२०च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांची मते लेखी मागवली. १९२९ साली त्याचे पुस्तक झाले. डन आणि हॉपकिन्स यांच्यासारख्या मोठ्या कवींच्या कवितांना तेथे नापसंतीच अधिक मिळाली, दुय्यम पद्यांचे मात्र कौतुक झाले. नावाचा आधार काढून घेतला की वाचकाकडे शब्दांखेरीज काही उरत नाही, आणि तशाच अवस्थेत लिहायला शिकायचे असते.

आम्हाला असाच एक अनोळखी पाठ म्हणून वर्ड्‌स्वर्थची १८०० साली प्रसिद्ध झालेली आठ ओळींची कविता दिली होती. पहिल्या चार ओळी भूतकाळात आहेत: काळाचा स्पर्श जिला होणारच नाही असे वाटत होते, ती. पुढच्या चार वर्तमानकाळात: आता तिला हालचाल नाही, ती ऐकत नाही, पाहत नाही, दगडाझाडांसोबत पृथ्वीबरोबर फिरते आहे. ती मेली असे कवी कुठेच म्हणत नाही. मृत्यू दोन कडव्यांमधल्या कोऱ्या जागेत घडून गेला आहे. पहिल्या कडव्यातली समजूत दुसऱ्या कडव्यात भयंकर रीतीने खरी ठरते, कारण काळ आता तिला खरोखरच शिवू शकत नाही. 'कवी शोकाकुल आहे' हे विधान आणि 'कडवे बदलताना क्रियापदाचा काळ बदलतो' हे विधान यांत दुसऱ्याला पुरावा आहे, आणि तो व्याकरणाने पुरवला आहे.

इंग्रजी घेतले तर मराठी सुटेल, ही भीती मला खरी वाटत नाही. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे या दोघांनीही इंग्रजीचे अध्यापन केले, आणि त्यांनी मराठीला काय दिले ते सर्वांसमोर आहे.

नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना मी इतकेच सांगते, की मूळ पाठ आधी मोठ्याने वाचा, शब्दकोशात अर्थासोबत आघाताची खूणही पाहा आणि आठवड्याला एक पान असे लिहा, ज्यातल्या प्रत्येक विधानामागे पाठातली एखादी ओळ उभी असेल. आणि विद्यापीठांकडे मागणे एवढेच आहे, की अनोळखी कवितेच्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेच्या कडेला न ठेवता निदान एका पेपरात निम्मे गुण द्यावेत. त्या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही गाईडला छापता येत नाही.